गिटचा नेटवर्क प्रोटोकॉल बिघडतो तेव्हा: नियम मोडणारे पहिले पॅकेट कसे शोधायचे

गिट (कोडच्या आवृत्त्या सांभाळणारा प्रोग्राम) दूरच्या सर्व्हरशी बोलताना अडखळला की येणारा «द रिमोट एंड हंग अप अनएक्स्पेक्टेडली» हा संदेश धरून शोध सुरू केला की हमखास वाट चुकते. पलीकडच्या प्रोसेसने जोडणी बंद केली, एवढेच तो सांगतो. ती का बंद झाली याचे कारण बरेच आधी, कधी कधी हजारो पॅकेट (संवादाचे तुकडे) आधी घडून गेलेले असते. «अर्ली ईओएफ» आणि «आरपीसी फेल्ड» यांचेही तसेच. म्हणून शोधभर एकच प्रश्न समोर ठेवावा: दोन बाजूंच्या संवादात नियम मोडणारे पहिले पॅकेट कोणते, आणि ते कोणी पाठवले?

स्वतःचा गिट सर्व्हर चालवणारे, गिटपुढे प्रॉक्सी (मधला सर्व्हर) किंवा रॅपर (गिटला आतून चालवणारा प्रोग्राम) लावणारे आणि गिटचा प्रोटोकॉल बोलणारी लायब्ररी लिहिणारे यांच्यासाठी ही पद्धत आहे. आज्ञा आणि सेटिंगची नावे इथे देवनागरीत दिली आहेत. टाइप करताना एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल पूर्ण कॅपिटल अक्षरांत, शब्दांमध्ये अंडरस्कोअर देऊन लिहावीत.

आधी बग जसाच्या तसा जपून ठेवा

प्रोटोकॉलचा बग दोन्ही रिपॉझिटरींच्या त्या क्षणीच्या स्थितीवर अवलंबून असतो. एक फेच (सर्व्हरवरून नवे बदल आणणे) यशस्वी झाला की क्लायंटकडे नवे ऑब्जेक्ट (गिट साठवतो ते कमिट, फाइली वगैरे) येतात, पुढच्या वेळची देवाणघेवाण बदलते आणि बग दिसेनासा होतो. म्हणून काहीही करून पाहण्याआधी क्लायंटच्या पूर्ण डिरेक्टरीची «सीपी -ए» ने प्रत घ्या. प्रतीसाठी «गिट क्लोन» वापरू नका. क्लोनमध्ये रिमोट-ट्रॅकिंग रेफ्स (सर्व्हरवरच्या ब्रँचच्या नोंदी), शॅलो फाइल (अर्धवट आणलेल्या इतिहासाची सीमा) आणि सुटे ऑब्जेक्ट मूळ रूपात राहतीलच असे नाही, आणि बग नेमका त्यांच्यातच असू शकतो. सर्व्हरच्या बाजूचीही अशीच प्रत घ्या. दोन्ही प्रतींत «जीसी.ऑटो» (आपोआप होणारी साफसफाई) शून्य करा, नाहीतर मध्येच पॅक (ऑब्जेक्ट एकत्र बांधलेल्या फाइली) बदलतील. प्रत्येक प्रयोग या प्रतींच्या प्रतीवर करायचा.

मग बिघाड कोणत्या थरात आहे ते ठरवा. तीच रिपॉझिटरी एसएसएच, एचटीटीपी आणि «फाइल://» अशा तिन्ही मार्गांनी आणून पाहा. इथे एक सापळा आहे: नुसता डिस्कवरचा पथ देऊन क्लोन केले तर गिट प्रोटोकॉल वापरतच नाही, फाइली थेट कॉपी करतो किंवा हार्डलिंक करतो. «फाइल://» लिहिले तरच अपलोड-पॅक (फेचला उत्तर देणारा गिटचा सर्व्हर-प्रोग्राम) चालतो आणि पॅकेट वाहतात. तिन्ही मार्गांनी तीच चूक आली तर दोष रिपॉझिटरीत किंवा अपलोड-पॅकमध्ये आहे. फक्त एचटीटीपीवर आली तर वेब सर्व्हर, प्रॉक्सी किंवा एचटीटीपी हाताळणारा कोड तपासायचा.

त्यानंतर प्रोटोकॉलची आवृत्ती बदलून पाहा: «गिट -सी प्रोटोकॉल.व्हर्जन=०» आणि मग «=२». दुसरी आवृत्ती गिट २.१८ मध्ये, म्हणजे २०१८ साली आली आणि २.२६ मध्ये, २०२० साली, ती डिफॉल्ट झाली. «गिट अद्ययावत केल्यावर बिघडले» या तक्रारीमागे पुष्कळदा हा बदल असतो. पुशसाठी (आपले बदल सर्व्हरवर पाठवण्यासाठी) मात्र अजून जुनाच संवाद चालतो, त्यामुळे पुशच्या बगमध्ये आवृत्ती २ वर संशय घेऊन वेळ घालवू नये.

पॅकेटची रचना

गिटच्या संवादाचा पाया पॅकेट-लाइन आहे. प्रत्येक पॅकेटच्या सुरुवातीला चार हेक्स अंक असतात आणि ते पॅकेटची एकूण लांबी सांगतात. त्या लांबीत हे चार बाइटही धरलेले असतात. स्वतः लिहिलेल्या कोडमधली सर्वात नेहमीची चूक हीच: चार मिळवायचे राहून जातात. कमाल लांबी ६५,५२० बाइट, म्हणजे प्रत्यक्ष माहिती ६५,५१६ बाइट.

काही लांब्यांना खास अर्थ आहे. ०००० म्हणजे फ्लश, संदेश संपला. ०००१ म्हणजे विभागांमधला विभाजक, फक्त आवृत्ती २ मध्ये. ०००२ म्हणजे प्रतिसादाचा शेवट. एचटीटीपीचा ट्रेस पाहताना हे ०००२ दिसते आणि सर्व्हरनेच ते पाठवले असा समज होतो. ते गिट आणि त्याचा स्वतःचा एचटीटीपी मदतनीस यांच्यात, क्लायंटच्याच यंत्रावर जाते. तुमचा सर्व्हर ते पाठवत असेल तर तोच बग आहे. ०००४ म्हणजे रिकामे पॅकेट, तेही पाठवायचे नसते.

ट्रेस घेणे, आणि ट्रेस काय लपवतो ते ओळखणे

«गिट ट्रेस पॅकेट» या व्हेरिएबलला १ दिले तर ट्रेस स्टँडर्ड एररवर येतो आणि प्रगतीच्या ओळींत मिसळून जातो. त्याऐवजी पूर्ण पथ द्या, उदाहरणार्थ टेम्प डिरेक्टरीतली एखादी फाइल. गिट त्या फाइलीला पुढे जोडत राहतो, म्हणून प्रत्येक प्रयोगासाठी नवे नाव द्या. ट्रेसच्या ओळीत «फेच>» म्हणजे आपण पाठवलेले आणि «फेच<» म्हणजे आलेले. «साइडबँड<» या ओळींत सर्व्हरची प्रगती दिसते.

एसएसएचवर सर्व्हरच्या बाजूचाही ट्रेस हवा असतो, पण क्लायंटवर लावलेले व्हेरिएबल पलीकडे जात नाही. त्यासाठी फेचला «--अपलोड-पॅक» हा पर्याय द्या आणि त्याच्या किमतीत «एन्व्ह», मग ट्रेसचे व्हेरिएबल व पथ, आणि शेवटी «गिट-अपलोड-पॅक» असे लिहा. पलीकडचे शेल मर्यादित केलेले नसेल तर सर्व्हरवर ट्रेसची फाइल तयार होते. पुशसाठी हेच «--रिसीव्ह-पॅक» ने करता येते. दोन्ही फाइलींतून वेळेचे रकाने «सेड» ने काढा आणि शेजारी शेजारी लावा. एका बाजूने पाठवलेले दुसऱ्या बाजूला जिथे प्रथम वेगळे दिसते, तिथे मधल्या कोणीतरी हात घातला आहे. दोन्ही बाजू शेवटपर्यंत जुळत असतील तर मधला रस्ता निर्दोष आणि चूक दोन टोकांपैकी एकात.

आता महत्त्वाचे. पॅकेट ट्रेस म्हणजे गिटने वाचून समजून घेतलेला मजकूर. त्यात नवीन-ओळीचे चिन्ह गाळलेले असते आणि लांबीचे चार अंक दिसत नाहीत. पॅक सुरू झाला की पुढची माहितीही छापली जात नाही. म्हणजे लांबी चुकली असेल किंवा एखाद्या ओळीच्या शेवटी नवीन-ओळ नको असताना आली असेल, तर ट्रेस अगदी स्वच्छ दिसू शकतो. अशा वेळी कच्चे बाइटच पाहावे लागतात: एचटीटीपीसाठी «गिट ट्रेस कर्ल», एन्क्रिप्शन नसलेल्या गिट डेमनसाठी ९४१८ पोर्टवर «टीसीपीडम्प». वायरशार्कला गिटचा प्रोटोकॉल ओळखता येतो, त्यामुळे पॅकेटच्या सीमा हाताने मोजाव्या लागत नाहीत. कर्ल ट्रेसमध्ये ऑथरायझेशनचे हेडर आपोआप झाकले जाते, तरी कोणाला फाइल देण्याआधी युआरएलमध्ये पासवर्ड राहिला नाही ना, ते स्वतः पाहा.

«बॅड लाइन लेंग्थ कॅरेक्टर»

हा संदेश मनापासून मदत करतो, कारण त्याच्या शेवटी जी चार अक्षरे छापली जातात तीच लांबीच्या जागी आलेली असतात. ती एखाद्या शब्दाची सुरुवात वाटली तर सर्व्हरवरचे काहीतरी मजकूर छापते आहे: लॉगिन स्क्रिप्टमधला «एको» किंवा स्वागताची ओळ. एसएसएचने सर्व्हरवर फक्त «ट्रू» ही आज्ञा चालवा आणि आउटपुट फाइलीत घ्या. फाइल शून्य बाइटची असली पाहिजे. नसेल तर «एक्सएक्सडी» ने ती उघडा, गुन्हेगार समोर येतो.

याचा एक अवघड भाऊ आहे. छापलेला मजकूर इंग्रजीतल्या «अॅडेड» या शब्दाने सुरू होत असेल तर त्याची पहिली चार अक्षरे ए, डी, डी, ई ही वैध हेक्स आहेत. गिट ती ४४,५१० बाइट लांबी समजतो आणि उरलेल्या ४४,५०६ बाइटची वाट पाहत बसतो. मग त्रुटीचा संदेशच येत नाही, नुसते अडकते. अडकणाऱ्या प्रत्येक एसएसएच प्रकरणात म्हणूनच वरची शून्य बाइटची चाचणी पहिल्यांदा करावी.

एचटीटीपीवरचे बग

इथे सुरुवात कर्लने करा. रिपॉझिटरीच्या युआरएलपुढे «इन्फो/रेफ्स» आणि «सर्व्हिस=गिट-अपलोड-पॅक» जोडून गेट विनंती पाठवा, हेडरसह. कंटेंट-टाइप «अॅप्लिकेशन/एक्स-गिट-अपलोड-पॅक-अॅडव्हर्टाइजमेंट» असलाच पाहिजे. लॉगिन पान किंवा प्रॉक्सीचे पान एचटीएमएल म्हणून २०० कोडसह आले तर गिट जुन्या «डंब» पद्धतीकडे (फाइली एकेक करून मागण्याकडे) वळतो आणि शेवटी «इज धिस अ गिट रिपॉझिटरी?» असे विचारतो. रिपॉझिटरी ठीक असते, मधले पान चुकीचे असते. जुन्या आवृत्तीच्या प्रतिसादात पहिले पॅकेट ००१ई ने सुरू होते, त्यात सेवेचे नाव असते, आणि लगेच ०००० येतो. हा फ्लश विसरणारे सर्व्हर बरेच आहेत.

त्यानंतरचे बग बहुतेक विनंतीच्या आकाराशी बांधलेले असतात, आणि म्हणूनच ते «कधी कधी येतात» असे वाटते. फेचची विनंती १,०२४ बाइटपेक्षा मोठी झाली की गिट ती जीझिपने दाबून पाठवतो. छोट्या रिपॉझिटरीवर चाचणी केलेला सर्व्हर कंटेंट-एन्कोडिंग हेडर पाहतच नसेल, तर नवा क्लोन व्यवस्थित होतो आणि जुन्या, पुष्कळ कमिट असलेल्या प्रतीतला फेच कोसळतो. पुढची पायरी १ एमआयबीची, म्हणजे «एचटीटीपी.पोस्टबफर»च्या डिफॉल्ट किमतीची. याहून मोठी विनंती गिट चंक्ड पद्धतीने (एकूण आकार आधी न सांगता, तुकड्यांत) पाठवतो आणि त्याआधी ओळख पटवण्यासाठी फक्त चार बाइटची, नुसत्या ०००० ची, पोस्ट विनंती करतो. या रिकाम्या विनंतीला ५०० देणारा सर्व्हर मोठे पुश कधीच स्वीकारणार नाही.

पोस्टबफर वाढवा, हा सल्ला सर्रास दिला जातो आणि बहुतेक वेळा तो निरुपयोगी असतो. मधला प्रॉक्सी चंक्ड विनंती नाकारत असेल, उदाहरणार्थ ४११ (आकार सांगा) देत असेल, तेवढ्यापुरताच त्याचा उपयोग. ४१३ (विनंती फार मोठी) आला तर मर्यादा प्रॉक्सीची आहे: एनजिनएक्समध्ये «क्लायंट मॅक्स बॉडी साइज» डिफॉल्टने १ एमबी असते, ती तिथेच वाढवायची. क्लोन मध्येच तुटत असेल तर पोस्टबफरचा संबंधच नाही, कारण तो जाणाऱ्या माहितीसाठी आहे, येणाऱ्या नव्हे. «एचटीटीपी/२ स्ट्रीम» असा उल्लेख असलेला कर्ल ९२ आला तर «एचटीटीपी.व्हर्जन» ला एचटीटीपी/१.१ देऊन पाहा. बग गेला म्हणजे तो दुरुस्त झाला असे नाही, पण शोधायची जागा कळली.

एकापेक्षा जास्त सर्व्हर लोड बॅलन्सरमागे (विनंत्या वाटून देणाऱ्या यंत्रामागे) असतील तर «नॉट अवर रेफ» कडे नीट पाहा. एचटीटीपीवर प्रत्येक विनंती स्वतंत्र असते. रेफ्सची यादी ताज्या सर्व्हरने दिली आणि पॅक मागणारी विनंती मागे राहिलेल्या सर्व्हरवर गेली, तर तिथे तो ऑब्जेक्टच नसतो. दोन्ही विनंत्या कोणत्या यंत्रावर गेल्या ते प्रतिसादाच्या हेडरमध्ये छापायची सोय करा. एकाच सर्व्हरला थेट जोडल्यावर चूक बंद झाली तर खात्री पटते.

संवाद अडकतो तेव्हा

अडकणे हा सर्वात चिवट प्रकार. लॉग नसतो, संदेश नसतो. पण अडकलेली प्रोसेस जिवंत असते आणि ती कशाची वाट पाहते आहे ते विचारता येते. घाईने कंट्रोल-सी दाबू नका. दोन्ही बाजूंच्या गिट प्रोसेसवर «एसट्रेस -एफ -पी» लावा आणि त्या कोणत्या सिस्टिम कॉलमध्ये थांबल्या आहेत ते बघा.

दोन्ही बाजू रीडमध्ये थांबल्या असतील तर प्रत्येकीला वाटते की आता बोलायची पाळी दुसरीची. कोणीतरी ०००० किंवा «डन» (क्लायंटचे सांगून झाले) पाठवलेले नाही, किंवा पाठवले पण मधल्या रॅपरने ते आपल्या बफरमध्येच ठेवले. शेवटचे पॅकेट एका बाजूच्या ट्रेसमध्ये पाठवलेले आणि दुसऱ्या बाजूच्या ट्रेसमध्ये न आलेले दिसले, की बफरच. पुशमध्ये याचे एक खास रूप आहे: फक्त ब्रँच काढून टाकायची असेल तर क्लायंट आज्ञा आणि फ्लश पाठवतो, पॅक पाठवतच नाही. पॅकची वाट पाहणारा सर्व्हर तिथे कायमचा बसतो.

दोन्ही बाजू राइटमध्ये अडकल्या असतील तर मधले पाइप भरले आहेत. लिनक्सवर पाइपची डिफॉल्ट क्षमता ६५,५३६ बाइट. रॅपर आधी सगळे लिहून मग वाचायला लागत असेल, तर लहान संवाद सुरळीत होतात आणि मोठा अडकतो. यातला सर्वाधिक दिसणारा नमुना स्टँडर्ड एररचा: रॅपर अपलोड-पॅकची स्टँडर्ड एरर पाइपला जोडतो आणि तो पाइप कधी वाचत नाही. इशाऱ्यांनी ६४ केबी भरले की अपलोड-पॅक गोठतो. उपाय म्हणजे दोन्ही प्रवाह एकाच वेळी वाचणे, किंवा स्टँडर्ड एरर फाइलीकडे वळवणे.

एक बाजू रीडमध्ये, दुसरी राइटमध्ये असेल तर «एसएस -टीएनपी» चालवा. पाठवणाऱ्याची सेंड-क्यू भरलेली आणि घेणाऱ्याची रिसीव्ह-क्यू रिकामी असेल तर पॅकेट वाटेत हरवत आहेत. व्हीपीएनवर हे बहुधा एमटीयूमुळे (नेटवर्क पॅकेटच्या कमाल आकारामुळे) होते: छोटी पॅकेट जातात, पॅकची पूर्ण भरलेली पॅकेट गळतात. «पिंग -एम डू -एस १४७२» करा. १,४७२ आणि २८ बाइटची हेडर मिळून १,५०० होतात. हे जात नसेल तर आकडा कमी करत जा आणि मिळालेली मर्यादा इंटरफेसवर लावा. घेणाऱ्याची रिसीव्ह-क्यू भरलेली असेल तर नेटवर्क निर्दोष, घेणारा प्रोग्राम वाचत नाही.

आवृत्ती २ चे विभाग आणि साइडबँड

स्वतः लिहिलेल्या सर्व्हरमध्ये आवृत्ती २ चा फेच प्रतिसाद चुकण्याची ठरलेली जागा म्हणजे पोचपावतीचा विभाग (क्लायंटचे कोणते कमिट आपल्याकडेही आहेत ते सर्व्हर इथे सांगतो). क्लायंटने «डन» पाठवले असेल तर हा विभाग द्यायचाच नाही, सरळ पॅक. «डन» नसेल तर पोचपावत्या द्यायच्या. त्यांत «रेडी» (पॅक द्यायला तयार) असेल तर ०००१ देऊन पुढे पॅक सुरू करायचा, «रेडी» नसेल तर ०००० देऊन थांबायचे. «रेडी» नसताना पुढचा विभाग पाठवला किंवा असताना थांबले, तर गिट तसे स्पष्ट शब्दांत सांगतो. शिवाय एचटीटीपीवर सर्व्हरने मागचे काही लक्षात ठेवायचे नसते. क्लायंट दर फेरीत आपल्या मागण्या आणि आतापर्यंत जुळलेले कमिट पुन्हा पाठवतो.

पॅक साइडबँडमधून येतो. प्रत्येक पॅकेटच्या माहितीचा पहिला बाइट १ असेल तर पॅक, २ असेल तर प्रगतीची ओळ, ३ असेल तर जीवघेणी चूक. लायब्ररी लिहिणारे इथे दोनदा अडखळतात. पॅक तयार होत असताना शांतता असेल तर सर्व्हर डिफॉल्टने दर ५ सेकंदांनी एक रिकामे पॅकेट पाठवतो: लांबी ०००५ आणि त्यात नुसता बँडचा बाइट. त्याला प्रवाहाचा शेवट समजणारा क्लायंट मोठ्या रिपॉझिटरीवरच फसतो. दुसरे, बँड ३ चा मजकूर टाकून दिला तर वापरकर्त्याला फक्त «अर्ली ईओएफ» दिसते, आणि पॅक बनवणारी प्रोसेस मेमरी संपून मारली गेली हे खरे कारण हरवते.

पॅकच खराब वाटत असेल तर «गिट ट्रेस पॅकफाइल» ला पूर्ण पथ देऊन आलेला पॅक जपा. पहिले चार बाइट हेक्समध्ये ५० ४१ ४३ ४बी, मग आवृत्ती २, मग ऑब्जेक्टची संख्या, आणि शेवटी एसएचए-१ रिपॉझिटरीत २० बाइटचा चेकसम. फाइल «गिट इंडेक्स-पॅक --स्टडइन --फिक्स-थिन» ला मूळ प्रतीच्या आत द्या. फेचचा पॅक बहुधा थिन असतो, म्हणजे त्यातल्या डेल्टांचा (फक्त फरक साठवलेल्या ऑब्जेक्टचा) पाया क्लायंटकडे आधीपासून असतो, त्यामुळे रिकाम्या जागी तपासला तर चांगला पॅकही खराब ठरेल.

हाताने बोलून पाहा

संशयित सापडला की गिट क्लायंट बाजूला ठेवा आणि विनंती स्वतः तयार करा. आवृत्ती २ मध्ये रेफ्स मागायला पहिले पॅकेट: «कमांड», बरोबरचे चिन्ह, «एलएस-रेफ्स» आणि नवीन-ओळ. रोमन लिपीत ७ + १ + ७ + १ = १६ बाइट, लांबीचे ४ मिळून २०, म्हणून सुरुवात ००१४. मग विभाजक ०००१. मग «पील» आणि नवीन-ओळ, एकूण ९ बाइट, सुरुवात ०००९. शेवटी ००००. हे «प्रिंटएफ» ने फाइलीत लिहा.

ही फाइल आधी सर्व्हरवरच, «गिट प्रोटोकॉल» या व्हेरिएबलला «व्हर्जन=२» देऊन, «गिट अपलोड-पॅक --स्टेटलेस-आरपीसी» च्या इनपुटला द्या. बरोबर उत्तर आले तर गिट ठीक आहे. मग तीच फाइल कर्लने, गिट-प्रोटोकॉल हेडर आणि योग्य कंटेंट-टाइप लावून, बाहेरून पाठवा. कर्लमध्ये «--डेटा-बायनरी» वापरा. साध्या «--डेटा» ने फाइलीतल्या नवीन-ओळी गळून पडतात आणि सगळ्या लांब्या चुकतात. दोन उत्तरे «सीएमपी» ने ताडून पाहिली की पहिला वेगळा बाइट कितव्या स्थानावर आहे ते कळते.

दुरुस्ती आणि तिची चाचणी

जुन्या गिटने चालते आणि नव्याने नाही, असे असेल तर गिटचा सोर्स घेऊन «गिट बायसेक्ट रन» (बिघाड आणणारे कमिट दुभागत शोधणारी आज्ञा) चालवा. स्क्रिप्टने मेक करावे, जपलेल्या प्रतीची नवी प्रत काढावी, «टाइमआउट» लावून फेच करावा. बिल्डच फसला तर १२५ परत द्यावे, म्हणजे ते कमिट वगळले जाते. टाइमआउट विसरला तर अडकणारा बग बायसेक्टलाही अडकवतो.

दोष तुमच्या कोडमध्ये असेल तर चाचणी सीमेवरच्या आकारांवर लिहा: १,०२४ बाइटच्या अलीकडची आणि पलीकडची विनंती, ६५,५१६ बाइटचे पूर्ण भरलेले पॅकेट, १ एमआयबीहून मोठा पुश, एका फेरीत मावणार नाहीत इतके «हॅव», म्हणजे «हे कमिट माझ्याकडे आहे» अशा ओळी (एचटीटीपीवर पहिल्या फेरीत १६ जातात). दोन्ही आवृत्त्यांवर चालवा. आणि एक चाचणी अशी हवीच की जिच्यात संपूर्ण संवाद एकेक बाइट करून दिला जातो. एका रीडमध्ये पूर्ण पॅकेट, किंवा निदान लांबीचे चारही बाइट एकत्र येतील, हे गृहीत धरलेला कोड स्थानिक यंत्रावर वर्षानुवर्षे नीट चालतो आणि दूरच्या, संथ जोडणीवर मोडतो. ही चाचणी तो दोष लगेच उघड करते.